लेखनिक द्याल, पण वाचायला कोण शिकवणार?

बडोद्यातल्या एका शाळेच्या विश्वस्तांना आणि प्रिन्सिपल मॅडमना खुलं पत्र

माननीय विश्वस्त आणि प्रिन्सिपल मॅडम,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली त्याच दिवशी मुलाच्या दप्तरातून तुमचं परिपत्रक निघालं. सात ओळींचं. जिन्याखालची रिसोर्स रूम, म्हणजे वाचन-लेखनात अडणाऱ्या मुलांना वेगळं शिकवायची खोली, या सत्रापासून बंद. तिथल्या बेनची (शिक्षिकेची) नेमणूक पुढे चालू राहणार नाही. त्या जागी रोबोटिक्स लॅब होणार. आणि शेवटी असं की वाचन-लेखनात अडचण असलेल्या मुलांना बोर्डाच्या सवलती नियमाप्रमाणे मिळत राहतील, जादा शिकवणीची सोय मात्र पालकांनी आपापली करावी.

हे पत्र उघडपणे लिहावं लागतंय याचं वाईट वाटतं. मी आधी दोन ईमेल पाठवले, पोच मिळाली, उत्तर आलं नाही. पालकांच्या मीटिंगमध्ये विषय काढला तर तो शेवटी घेऊ म्हणालात आणि शेवटी वेळ संपली. शाळेचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण मला शाळेची बदनामी करायची नाही. पत्र कुणाला आहे ते तुम्हाला कळेल. पण गावातल्या इतर शाळांमधल्या आया-वडिलांनीही ते वाचावं असं मला वाटतं, कारण ही सात ओळींची परिपत्रकं उद्या त्यांच्याही मुलांच्या दप्तरात येऊ शकतात.

माझा मुलगा चौथीत आहे. त्याला डिस्लेक्सिया आहे, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचायला-लिहायला शिकणं अवघड जातं. पहिली-दुसरीत हे कुणाच्याच लक्षात आलं नाही, माझ्याही नाही, कारण तो धडा घडाघडा "वाचायचा". मोठी बहीण तिच्या जुन्या पुस्तकातून दोनदा वाचून दाखवायची आणि ते त्याला पाठ व्हायचं. एके संध्याकाळी मी त्याच्याजवळ भाजी निवडत बसले होते. सहज पुस्तकाकडे पाहिलं तर त्याचं बोट तिसऱ्या ओळीवर होतं आणि तोंडातून सातवी ओळ चालली होती. मी बोट उचलून मधल्या एका शब्दावर ठेवलं आणि म्हटलं, हा एवढा वाच. तो माझ्याकडे बघत राहिला. मग रडायला लागला. सात वर्षांच्या मुलाने दोन वर्षं हे एकट्याने लपवून ठेवलं होतं.

त्याआधी त्याच्या डायरीत "केअरलेस" हा शेरा कितीदा आला ते मी मोजलं नाही. मीही त्याला आळशी म्हटलं. शुद्धलेखनाच्या वहीवरून दोनदा हात उगारला आणि एकदा मारलंही. हे मी सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण जे मला माहीत नव्हतं ते मला सांगणारी माणसं शाळेत असायला हवी होती.

आणि आमच्या घरात हे पहिल्यांदा घडत नव्हतं. माझा मोठा भाऊ इथेच दांडिया बाजारात वाढला, नववीत शाळा सुटली. चुकलेला शब्द शंभर वेळा लिहायची शिक्षा व्हायची. तो शंभर वेळा लिहायचा आणि एकशे एकाव्या वेळी पुन्हा चुकायचा. आज तो मकरपुरा औद्योगिक वसाहतीत मोटर रिवाइंडिंग करतो. जळालेल्या मोटरचा नुसता आवाज ऐकून दोष सांगतो, कारखानेवाले त्याला गाडी पाठवून बोलावतात. पण त्याला मेसेज पाठवायचा तर बोलून पाठवावा लागतो, आणि बँकेत जाताना तो वहिनीला बरोबर नेतो. डिस्लेक्सिया घराण्यात उतरतो हे मला मुलाच्या तपासणीनंतर कळलं. भावाला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग एवढंच म्हणाला, "म्हणजे मी ढ नव्हतो."

दुसरीच्या शेवटी मुलगा जिन्याखालच्या खोलीत जायला लागला. आठवड्यातून तीन दिवस, चाळीस मिनिटं, एका वेळी तीन मुलं. महिन्यातून एकदा बेन पालकांना आत बसू द्यायच्या. तुमच्यापैकी कुणी त्या तासाला कधी बसलं होतं की नाही मला माहीत नाही, म्हणून मी पाहिलं ते सांगते.

टेबलावर स्टीलची परात, परातीत बोटभर रवा. बाजूला कार्डांचा डबा, वाटीत चिंचोके. बेन आधी कार्ड दाखवणार आणि मूल त्या अक्षराचा आवाज सांगणार. नाव सांगायचं नाही, आवाज सांगायचा. मग कार्डं बंद. आता बेन आवाज उच्चारणार आणि मूल तो तोंडाने म्हणत म्हणत रव्यात बोटाने अक्षर काढणार. कान ऐकतो, तोंड बोलतं, बोट फिरतं, डोळे बघतात, सगळं एकाच क्षणी. मग चिंचोके. "शिप" या इंग्रजी शब्दात अक्षरं चार, पण आवाज तीन, म्हणून चिंचोके तीनच सरकवायचे. अक्षरं चार असताना चिंचोके तीन का, हे माझ्या मुलाला त्या दिवशी कळलं. दोन वर्षं इंग्रजी शाळेत काढल्यावर पहिल्यांदा. इंग्रजीत अक्षरं २६ आणि आवाज ४४ च्या आसपास. साध्या मुलाच्या डोक्यात हा हिशेब आपोआप बसतो, या मुलांच्या डोक्यात तो एकेक करून बसवावा लागतो. बी आणि डी उलटे व्हायचे तेव्हा बेननी त्याला दोन मुठी समोरासमोर धरून, अंगठे वर करून पलंग करायला शिकवला: डावी मूठ बी, उजवी डी. परीक्षेत अजूनही बाकाखाली त्याच्या मुठी वळतात.

लोकांना वाटतं या मुलांना अक्षरं उलटी दिसतात. तसं नाही, त्यांचे डोळे चांगले असतात. अडचण असते ती बोललेल्या शब्दातले आवाज सुटे करून ऐकण्यात आणि त्या आवाजांची अक्षरांशी गाठ घालण्यात. बुद्धीचा त्याच्याशी संबंध नाही. चष्म्याने ते जात नाही, गोळीने जात नाही, मोठं झालं की आपोआपही जात नाही.

आमच्या मुलांना तर एकाच वेळी तीन लिप्यांशी झुंजावं लागतं. घरी आजी मराठी वाचायला बसवते, तिथे अक्षरांच्या डोक्यावर रेघ. शाळेत गुजराती, तिथे ती रेघ नाही. गुजरातीत र हे अक्षर आणि दोनचा आकडा जवळजवळ सारखेच दिसतात, प आणि पाचचा आकडाही तसेच. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढायची आणि बोलायची मात्र नंतर. "सूर्य" लिहिताना र उच्चारायचा य च्या आधी, आणि काढायचा य च्या डोक्यावर. आपण हे कधी शिकलो ते आपल्याला आठवतही नाही. बेननी या प्रत्येक गाठीसाठी वेगळी युक्ती केली होती: अक्षर काळ्या काचकागदाचं, मात्रा आणि वेलांट्या लाल लोकरीच्या, म्हणजे बोट फिरवताना कळतं की हा तुकडा वेगळा आहे आणि तो कुठून येतो.

बेन एकदा म्हणाल्या होत्या, "रव्यात जादू नाही हं. जादू असेल तर ती क्रमात आहे." एक आवाज पक्का झाल्याशिवाय पुढचा द्यायचा नाही. न शिकवलेलं अक्षर वाचायला द्यायचं नाही. अंदाज करू द्यायचा नाही. मागचं रोज उजळायचं. मूल अडलं तर मूल चुकलं असं म्हणायचं नाही, आपण घाई केली असं म्हणायचं. मला वाटतं, सगळ्यात जास्त फरक या शेवटच्या गोष्टीने पडला.

या मे महिन्यातली गोष्ट. सुट्टीत पाहुण्यांसाठी मी खंडेराव मार्केटवरून लिलो चेवडो आणला होता. मुलाने पुडा उचलला, छापलेल्या नावाकडे बघितलं आणि डाव्या हाताचं एकेक बोट टेकवत म्हणाला: लि, लो, चे, व, डो. पाच अक्षरं, पाच बोटं. त्याला कुणी वाच म्हटलं नव्हतं. माझ्या सासूबाईंनी हातातलं ताट खाली ठेवलं.

हे सगळं ज्या खोलीत घडलं ती तुम्ही बंद केलीत. आता माझ्या तक्रारी.

पहिली आणि सर्वांत मोठी. तुम्ही सवलती आणि शिकवणं या दोन गोष्टी एकच धरल्या आहेत. सीबीएसई परीक्षेत तासाला २० मिनिटं जादा देते, मुलाची उत्तरं लिहून घेणारा लेखनिक देते, दोनऐवजी एक भाषा घ्यायची मुभा देते. या सवलती लढून मिळाल्या आहेत, त्यांचं मोल मला कळतं, माझ्या मुलालाही त्या लागतील. पण जो वाचू शकत नाही त्याला तासाभराचा जादा वेळ म्हणजे तोच न वाचता येणारा कागद आणखी तासभर. लेखनिक परीक्षेच्या दिवशी येतो. औषधाच्या बाटलीवरची सूचना, रेल्वेचं तिकीट, भाडेकरार वाचायला तो येणार नाही. माझ्या भावाच्या आयुष्यात लेखनिक कुठून येणार होता? चौथीतल्या मुलाला "सवलती मिळतील" असं कळवणं म्हणजे याला आता वाचता येणार नाही हे धरून चालणं आहे. ते त्याला येऊ लागलं होतं.

दुसरी. हे शाळेच्या मर्जीवर नाही. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात डिस्लेक्सियाचं नाव नव्हतं, तेव्हा शाळांनी हात झटकले तर आईबापांना बोलायला जागा नव्हती. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांची नावं घेतो आणि डिस्लेक्सिया जिच्यात मोडतो ती विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यांत आहे. त्याचं कलम १६ मान्यताप्राप्त शाळांबद्दल स्पष्ट म्हणतं की ही अक्षमता लवकरात लवकर ओळखायची आणि ती ओलांडण्यासाठी योग्य शैक्षणिक उपाय करायचे. परीक्षेतल्या सवलतींची तरतूद वेगळी, कलम १७ मध्ये. म्हणजे कायद्यानेच या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या आहेत. तुमच्या परिपत्रकाने कलम १७ पाळलं आणि कलम १६ पालकांच्या गळ्यात घातलं.

तिसरी तक्रार, माणसांबद्दल. सीबीएसईच्या संलग्नतेच्या नियमांत विशेष शिक्षक, म्हणजे अशा मुलांना शिकवायचं प्रशिक्षण घेतलेले शिक्षक, असणं सक्तीचं आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये अशा मुलांसाठी प्राथमिकला दर १० मुलांमागे एक आणि वरच्या वर्गांना दर १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक, असं प्रमाण सांगितलं. आपल्या शाळेत एक होत्या. आता एकही नाही. समुपदेशक बाईंकडे हे काम दिलंय असं मला तोंडी सांगण्यात आलं. त्या भल्या आहेत, मुलं त्यांच्याशी मोकळं बोलतात, पण वाचन शिकवणं हे त्यांचं शिक्षण नाही आणि त्यांनी स्वतः तसं म्हटलंय.

चौथी, दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राची. तिघा पालकांना सांगितलं गेलं की मूल आठ वर्षांचं होऊन प्रमाणपत्र मिळेपर्यंत काही करता येत नाही. आठ वर्षांची अट सरकारी प्रमाणपत्राला आहे. मुलाला शिकवायला कुठलंही प्रमाणपत्र लागत नाही. उलट केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार तिसरीत किंवा आठव्या वर्षी, जे आधी येईल तेव्हा, शाळेनेच पहिली चाळणी (प्राथमिक तपासणी) करायची आहे, आणि त्यासाठी मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली समिती हवी. आपल्या शाळेत ही समिती असेल तर तिच्या सदस्यांची नावं आम्हाला सांगा.

पाचवी. मीटिंगमध्ये एका विश्वस्तांनी या शिकवण्याला "फॉरेनचं फॅड" म्हटलं. ते वयाने मोठे आहेत म्हणून मी तिथे गप्प बसले, इथे उत्तर देते. पद्धत बाहेरून आली हे खरं. १९३० च्या दशकात अमेरिकेत सॅम्युअल ऑर्टन हे मेंदूचे डॉक्टर आणि ॲना गिलिंगहॅम या शिक्षिका, या दोघांच्या कामातून ती उभी राहिली. म्हणजे रोबोटिक्सपेक्षा ती बरीच जुनी आहे. आणि बोटाने अक्षर गिरवत आवाज शिकणं आपल्या मुलखालाही नवं नाही. गुजरातचे शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर काढलं, आपल्या ताराबाई मोडक तिथे त्यांच्याबरोबर राबल्या. मॉन्टेसरी पद्धतीतली खरखरीत अक्षरं त्यांना चांगली ठाऊक होती. माझी आजी तिच्या आईकडून धूळपाटीवर बोटाने ग म भ न शिकली. ज्या बडोद्यात सयाजीरावांनी १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, त्या बडोद्यात मुलाला वाचायला शिकवणं ही "जादा शिकवणी" ठरावी, याने मला फार लागलं.

पैशांबद्दलही लिहिते, कारण खरी अडचण तीच असावी. खाजगी शिकवणीची चौकशी केली. तासाला ६०० रुपये, आठवड्यात तीन तास, म्हणजे महिन्याला सात हजारांच्या वर. आम्ही दोघं नोकरी करतो, ओढूनताणून जमवू. त्याच्या गटातल्या दुसऱ्या मुलाचे वडील रिक्षा चालवतात आणि ते मूल शिक्षणहक्काच्या जागेवर आलंय. त्याचं काय होणार, हे मी मीटिंगनंतर त्यांच्या चेहऱ्यावर बघितलं. आणि हे दोन-चार मुलांचं प्रकरण नाही. अंदाज कमीजास्त आहेत, पण शंभरातली पाच ते दहा मुलं हा नेहमी सांगितला जाणारा आकडा आहे. चाळीसच्या वर्गात म्हणजे दोन ते चार. बहुतेकांच्या डायरीत आज "केअरलेस" लिहिलं जात असणार.

रोबोटिक्सला माझा विरोध नाही. माझ्या मुलाला तारा आणि मोटारी मामाइतक्याच आवडतात, त्या लॅबमध्ये सगळ्यात पुढे तोच असेल. लॅबला दुसरी जागा शोधता येईल. आणि लॅबमधल्या खोक्यावरच्या सूचनाही वाचाव्याच लागतात.

आमच्या मागण्या अशा आहेत.

रिसोर्स रूम, ती किंवा दुसरी, या सत्रातच पुन्हा सुरू करा. भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या पूर्णवेळ विशेष शिक्षिका नेमा, आणि शक्य असेल तर आमच्या बेननाच परत बोलवा, कारण मुलं त्यांना ओळखतात.

प्रत्येक मुलाला आठवड्यातून किमान तीन तास मिळावेत, आणि तेही खेळाच्या किंवा चित्रकलेच्या तासातून कापलेले नसावेत. या मुलांना दिवसभरात जिथे यश मिळतं ते तास त्यांच्याकडून काढून घेऊ नका.

पहिली-दुसरीच्या सगळ्या शिक्षकांना लक्षणं ओळखण्याचं प्रशिक्षण द्या आणि तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाची चाळणी करा, शक्यतो घरच्या भाषेतही. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने "डाली" नावाची चाचणी हिंदी आणि मराठीतही तयार केली आहे. शिवाय आपल्या गावात सयाजीराव विद्यापीठ आहे, त्यात शिक्षणशास्त्राची आणि मानव विकासाची शाखा आहे. तिथे जाऊन विचारायला पैसे पडत नाहीत, मी बरोबर यायला तयार आहे.

डायरीत "केअरलेस" आणि "लेझी" हे शेरे लिहिणं थांबवा. यासाठी तर बजेटही लागत नाही.

उत्तर लेखी द्या, पंधरा दिवसांत. ते आलं नाही तर आम्ही नऊ पालक राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे अर्ज करू. अर्ज लिहून तयार आहे. तो द्यावा लागू नये अशी मनापासून इच्छा आहे.

आणि एक गोष्ट पंधरा दिवस थांबू शकत नाही. त्या खोलीत खिडकीजवळच्या कपाटात कार्डांचे डबे होते, प्रत्येक मुलाच्या नावाचा वेगळा. कोणतं कार्ड पक्कं झालं, कुठलं कच्चं आहे, कुठे थांबलो, ते बेननी मागच्या बाजूला पेन्सिलने तारखेसह लिहून ठेवलंय. माझा मुलगा ४३ व्या कार्डापर्यंत आला होता. पुढे जे कुणी शिकवेल त्याला तिथूनच सुरुवात करावी लागेल, नाहीतर या मुलांना पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागेल. लॅबचं सुतारकाम सोमवारी सुरू होणार असं ऐकलं. त्याआधी ते डबे कुठे ठेवलेत ते कळवा. मी शनिवारी साडेबाराला शाळा सुटताना फाटकापाशी असेन, नऊच्या नऊ डबे स्वतः घेऊन जाईन आणि खोली सुरू होईल त्या दिवशी परत आणून देईन.

आपली,
चौथीतल्या एका मुलाची आई
दांडिया बाजार, बडोदा